भिंत बघायला ये

केश्वापूर, हुबळी
१९ फेब्रुवारी २०२४

किरण,

‘प्रभूमध्ये प्रिय बंधू’ असलं मला लिहिता येत नाही, आणि तू तेवढा प्रिय राहिलाही नाहीस. कामाचं लिहिते. घरी येऊन एक भिंत बघून जा.

आईच्या खोलीतली. हेमावतीचं घर नि आपलं घर यांच्या मधली, आईची कॉट जिला लागून होती ती. कॉट अजून तिथंच आहे. उशीच्या जरा वर भिंत काळपट हिरवी झालीय, मधोमध तांबूस. पावसाळ्यात झालं असतं तर मी तुला लिहिलंही नसतं. हा फेब्रुवारी आहे. नळालाच पाणी नाही, भिंतीला कुठून येईल? नाताळाला मी स्वतः चुना मारला होता. चुन्याच्या आतून परत वर आलं. हात लावला तर ओलं लागत नाही. गार लागतं.

फोनवर मी तुला शिव्या देते, म्हणून पत्र. लिहिताना एकेक अक्षर लावावं लागतं, तेवढ्यात राग खाली बसतो. चौथीपर्यंत शाळा केल्याचा एवढा तरी फायदा.

आता हे तुला का सांगते ते ऐक. आमच्या भगिनी मंडळानं ठरवलं की ईस्टरआधीच्या या उपासाच्या दिवसांत पवित्र शास्त्र वाटून वाचायचं. इंदुमतीबाईंनी चिठ्ठ्या केल्या. कुणाला गाणी मिळाली, कुणाला येशूचे दाखले. मला मिळाले मोशेचे नियम. चरबी कुठली जाळायची, गुर्दे कुठले, रक्त वेदीच्या कुठल्या कोपऱ्याला लावायचं. बायका हसल्या. मालतीअक्काला खाटकाचं दुकान मिळालं म्हणाल्या. मी म्हटलं, मिळू दे, तुमच्या गाण्यांपेक्षा हे बरं, यात निदान काम तरी आहे.

वाचत वाचत मी भिंतींवर आले. मोशेनं भिंतींचाही नियम घातलाय, मला माहीत नव्हतं. तू आम्हाला कधी सांगितलाही नाहीस. घराच्या भिंतीवर हिरवट नाहीतर तांबूस खळगा दिसला, भिंतीच्या आत गेलेला, तर घरमालकानं स्वतः काही ठरवायचं नाही. याजकाकडं जायचं आणि एवढंच म्हणायचं की घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. चट्टा आहे असं म्हणायचं नाही. चट्ट्यासारखं. आहे का नाही ते येऊन बघणार याजक.

मी वाचायची थांबले. बायकांना वाटलं, हिला अक्षर लागेना. इंदुमतीबाई पुढचा शब्द सांगायला लागल्या. मी म्हटलं, थांबा हो, कळतंय मला. कळतंय म्हणूनच थांबलेय.

इथले पाळकसाहेब येऊन गेले. दारातनंच प्रार्थना केली, चहा प्यायले, गेले. भिंतीकडं त्यांनी बघितलंही नाही. दोष देत नाही, त्यांचं घर नव्हे हे. आपल्या घरातला याजक तू. अप्पांनी रेल्वेच्या वर्कशॉपात हाडं झिजवून तुला केला.

भुताखेताचं मनात आणू नकोस. मी ते मानत नाही. आईला शेवटची आंघोळ मीच घातली, पेटीत मीच ठेवली, मला कसली भीती? संध्याकाळी मार्केट यार्डातून आलं की मिरचीच्या खकाण्यानं डोकं ठणकतं, तेल थापून आईच्या खोलीत जरा टेकते. तेव्हा नजरेला पडलं, एवढंच.

माझ्या घरात पाय ठेवू नको असं मी तुला कबरस्तानात म्हटलं होतं. ते मी मागं घेत नाही. भिंत बघायला आलास तर ते येणं धरायचं नाही.

तर मोशेनं सांगितलं तसं सांगते. किरण, मला घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय.

मालती


८ मार्च २०२४

किरण,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, कागदाच्या दोन्ही बाजूंनी. सही तेवढी हातची. पोस्टमन म्हणाला, अक्का, सरकारी आहे काय?

दोनदा वाचलं. घर म्हणजे माणसाचं हृदय. चट्टा म्हणजे पाप. भिंत खरवडायची म्हणजे पश्चात्ताप. दगड काढून गावाबाहेर टाकायचे म्हणजे जुनं जीवन. याजक म्हणजे येशू. छान आहे. जालन्याच्या तुझ्या मंडळीतल्या लोकांना सांग, त्यांना आवडेल. मी तुला भिंत विचारली, तू मला हृदय दिलंस.

मी अडाणी आहे, पण डोळे आहेत मला. तू लिहिलेलं बाजूला ठेवून मी परत तो नियम वाचला, बोट ठेवून. तुझ्या अर्थात एक गोष्ट कुठंच बसत नाही. याजक आत पाऊल टाकायच्या आधी सांगतो, घर रिकामं करा. का? तो आत आला, त्यानं अशुद्ध म्हटलं, की आत असलेलं सगळं अशुद्ध. मग आधीच बाहेर काढलेलं वाचतं. म्हणजे मडकी, पाटा, अंथरूण. किरण, मोशेच्या देवाला बाईच्या भांड्यांची काळजी आहे. घर गेलं तर जाऊ दे, तिची भांडी राहू देत. घर म्हणजे हृदय तर भांडी म्हणजे काय, ते लिही मला. टाइप नको करू.

आणि दुसरं. तो याजक औषध आणत नाही. मंत्र म्हणत नाही. तेल लावत नाही, हात ठेवत नाही. तो फक्त बघतो. बघून दार लावतो, सात दिवसांनी परत येतो आणि परत बघतो. लागलं तर तिसऱ्यांदा येतो. त्याचं सगळं याजकपण म्हणजे येणं आणि बघणं. तेवढंच मी मागितलं होतं. तू लिहितोस, उपासाचे दिवस, मंडळीची कामं, ईस्टरनंतर प्रार्थनापूर्वक विचार करतो. कर.

तोवर मी लक्ष्मणला बोलावलं. कलघटगीचा गवंडी, शेजारच्या गल्लीत काम करत होता. त्यानं खरवडलं. आधी चुना निघाला, मग गिलावा. बोटं नाकाला लावून हुंगली आणि म्हणाला, “अक्का, इदु नीरल्ल, येण्णी.” पाणी नव्हे, तेल आहे म्हणाला. म्हातारी माणसं कॉटवर बसून डोकं टेकतात ना, त्यांचं तेल भिंत पिते. वर कितीही चुना मारा, ते येणारच. मी म्हटलं, होय, आमची आई टेकायची. माक्याचं तेल लावायचे मी तिला रोज.

मग तो खळग्यात बोट घालून म्हणाला, हे मात्र तेलाचं नव्हे, इथं काही ठोकलं होतं काय? मी म्हटलं, कॅलेंडरचा खिळा होता.

त्यानं तेवढा भाग दगडापर्यंत खरवडून काढला, सिमेंट भरलं. ढिगारा मी पोत्यात भरून स्वतः गावाबाहेर टाकून आले. नियमात आहे तसं. रिक्षावाला विचारत होता आत काय आहे. मी म्हटलं, भिंत.

एक आणखी. हेमावती विचारत होती, मालतीअक्का, संध्याकाळी तुमच्याकडं काय कुटता? मी म्हटलं, काही कुटत नाही, मिक्सर आहे माझ्याकडं. ती म्हणाली, नाही हो, तुमच्या अव्वा होत्या तेव्हा यायचा तसाच आवाज. तिच्या घरात उंदीर आहेत, मी बघितलेत.

येऊ नको. भिंत झाली आता नीट.

मालती


२९ मार्च २०२४
शुभ शुक्रवार

किरण,

ते परत आलंय.

नवं सिमेंट, वर पांढरा रंग. आज मी उपासनेला गेले नाही. सकाळी सगळे काळे कपडे घालून गेले, मी खोलीत बसून भिंत बघत होते. त्याच जागी, तेवढंच, डोक्याएवढं. अजून फिकं आहे. पण आहे.

नियमात पुढं काय आहे तुला ठाऊक आहे. खरवडून, नवे दगड घालून, गिलावा करून चट्टा परत आला तर घर पाडायचं. दगड, लाकूड, माती, सगळं गावाबाहेर. अप्पांनी बांधलेलं घर आहे. मी कुठं जाऊ?

तर आता तुला एक सांगते. खिळा नव्हता तिथं.

आई डोकं आपटायची. दुखण्याच्या पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी, जेव्हा तिला माणसं कळेनाशी झाली. संध्याकाळी सुरू व्हायचं. जोरात नाही, हळू, चटणी कुटल्यासारखं. एकेका ठोक्याला तुझं नाव. किरण. किरण. मी ओरडायचे, किरण जालन्याला आहे, भिंतीत नाही. ती थांबायची, माझ्याकडं बघायची, आणि मला विचारायची, बाई, तू कोण? मग परत. मी मध्ये उशी घातली, तिनं काढून टाकली. शेवटी मी हात घालायचे, तिचं डोकं आणि भिंत यांच्या मध्ये. तळवा तिच्याकडं, पाठ भिंतीकडं. माझ्या हातावर ती आपटत राहायची, झोप लागेपर्यंत. यार्डात बायका विचारायच्या हाताला काय झालं. पोतं पडलं सांगायचे.

तुला सांगितलं नाही. फोनवर तू विचारायचास, आई कशी आहे, मी म्हणायचे, आहे. आता विचारशील, का नाही सांगितलंस. तू आला असतास म्हणून नाही सांगितलं असं समज. नाहीतर तू आला नसतास म्हणून. दोन्हीतलं कुठलं, मला खरंच माहीत नाही.

आणि मग तू आलास. ती पेटीत गेल्यावर. उपासना तूच घेतलीस, पांढरा झगा, इस्त्री मोडलेली नाही. डोळे कोरडे. मी रडत होते. हो, मोठ्यानं रडत होते, मिरचीच्या हातानं कधी डोळे पुसता आले नव्हते, ते सगळं तेव्हा आलं. आणि तू कबरीच्या तोंडाशी उभा राहून, लोकांच्या समोर, मला सांगितलंस की अहरोनाचे दोन मुलगे एका दिवशी मेले आणि अहरोन गप्प राहिला. याजकाच्या घरानं केस सोडायचे नाहीत, कपडे फाडायचे नाहीत. देवाच्या समोर शांत राहायचं. अक्का, गप्प बस, असं तू म्हटलं नाहीस, पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. आता वाचलंय. अहरोन गप्प राहिला हे खरं. पण त्याच दिवशी, प्रायश्चित्ताच्या बकऱ्याचं मांस त्यानं खायचं होतं, ते त्यानं खाल्लं नाही. मोशे त्याच्या घरच्यांवर संतापला. अहरोन एवढंच म्हणाला, आज माझ्यावर हे असं आलंय, आज मी खाल्लं असतं तर देवाला बरं वाटलं असतं का? आणि मोशे गप्प बसला. हे तू सांगितलं नाहीस. अहरोनाचा घास उतरला नव्हता, किरण. तू त्या दिवशी मंडळीच्या हॉलमध्ये बसून जेवलास. मी बघितलं.

आणखी एक वाचलं, ते तुझ्या अर्थात कसं बसवायचं बघ. घर शुद्ध झालं तर याजक दोन पक्षी आणतो. एक मडक्यावर धरून मारायचा, खाली वाहतं पाणी. दुसरा जिवंत, त्याला पहिल्याच्या रक्तात बुडवायचं आणि गावाबाहेर मोकळ्या रानात सोडायचं. तो उडून जातो. तू म्हणशील, मरण आणि पुनरुत्थान. म्हण. मी यार्डात मिरचीचे देठ काढत दिवसभर त्या दोन पक्ष्यांचा विचार केला. एका घरट्यातले असतील ते. मी मडक्यावरची. तू रानात. चांगलं झालं, एकानं तरी उडावं. पण तू सुटलास म्हणून स्वच्छ सुटलास असं समजू नको. पंखांना माझं लागलेलं आहे. ते घेऊनच तू उडतोयस, पांढऱ्या झग्याच्या आत.

हेमावती परत विचारत होती. आता ती मला विचारताना आवाज खाली करते. काल मी यार्डातून येऊन पडले होते, डोक्याला तेल लावून, जराशी ग्लानी आली असेल, आणि मलाही ऐकू आलं. अगदी कानाशी. ठक, ठक. उठले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

भूत मी मानत नाही. पण मानायची वेळ आली तर ते आपल्या आईचं असावं हे मला चालणार नाही. तिनं तिकडं तरी झोपावं.

मालती


१२ एप्रिल २०२४

किरण,

तुझं कार्ड मिळालं. चारच शब्द, हातानं लिहिलेले. ‘घर रिकामं कर. येतो.’

मी ते भगिनी मंडळात नेऊन दाखवलं. इंदुमतीबाई म्हणाल्या, अगं, एवढंच लिहितात काय बहिणीला? मी म्हटलं, तुम्हाला कळणार नाही, तुम्हाला गाणी आलीत.

ही चिठ्ठी तू निघायच्या आत पोचली तर बरं. मी कालपासून सामान काढतेय. आधी भांडी. अप्पांचं पितळी घंगाळ, आईचा पाटा, डबे. मग अंथरुणं. मग फोटो. गल्लीत सगळं मांडलंय, कडुलिंबाखाली, वर जुनं लुगडं टाकून. एवढं आयुष्य काढलं आणि सामान एका झाडाखाली मावतं. लोक थांबून बघतात. कोपऱ्यावरचा शेषगिरी किराणावाला विचारून गेला, घर विकलं काय? मी म्हटलं, नाही, तपासणी आहे. तो म्हणाला, महापालिकेची? मी म्हटलं, त्याच्या वरची. हेमावतीनं मला तिच्याकडं जेवायला बोलावलं आणि जेवताना वास्तुशांतीचा विषय काढला, तिच्या ओळखीचे प्रभंजनाचार्य म्हणून आहेत, चांगलं करतात. मी म्हटलं, आमचे आचार्य जालन्याहून येतायत, तेही काही करत नाहीत, नुसतं बघतात. तिला ते पटलं नाही. बघून काय होतं म्हणाली. मी ताट उचललं.

सगळं काढलं. कॉट तेवढी निघत नाही. पाय गंजून फरशीला धरलेत. तिच्यावरची उशीही काढायची राहिली. खरं लिहिते, राहिली नाही, मी काढली नाही. नियम मोडला. तू आल्यावर उशी अशुद्ध झाली तर होऊ दे.

रिकाम्या घरात आवाज मोठा होतो. मी खोकले तरी दुसरं कुणी खोकल्यासारखं वाटतं.

एक शेवटचं विचारते, प्रवासात विचार कर. याजकानं प्रेताला शिवायचं नाही असा नियम आहे. पण काही माणसं सोडलीत, त्यांच्यासाठी त्यानं अशुद्ध झालेलं चालतं. आई. बाप. मुलगा, मुलगी. भाऊ. आणि शेवटी, नवरा न केलेली बहीण, जी त्याच्याजवळ राहिली आहे. एवढ्या जुन्या माणसानं एवढ्या गडबडीत माझ्यासारखीचीही आठवण ठेवली. ती ओळ मी परत बोट ठेवून वाचली. महायाजकाला मात्र आईबापासाठीसुद्धा परवानगी नाही. तू महायाजक नाहीस. साधा आहेस. तुला चालतं.

तेव्हा मी मेल्यावर ये असं मी म्हणत नाही. म्हणते की परवानगी आहे, तर ती आधीच वापर.

गाडी धारवाडवरून येते ती घेऊ नको, उशीर करते.

अक्का


५ मे २०२४

किरण,

तू परत जालन्याला पोचल्याचा निरोप शीतलनं शेषगिरीच्या फोनवर दिला. तुझ्या बायकोला माझा नंबर दे, मी तिला शिव्या देणार नाही.

तू भिंत बघायला आलास त्या दिवशी जे झालं ते मी लिहून काढते. तू तिथंच होतास, तुला सांगायची गरज नाही. पण मी त्या वेळी ऐकलं नाही नीट, भांडत होते. लिहिलं की मला ऐकू येतं.

तू गल्लीत आलास आणि सामानाकडं बघून म्हणालास, अक्का, खरंच काढलंस? मी म्हटलं, मग काय टाइप करून ठेवू? तू चप्पल बाहेर काढलीस. आत गेलास. मी चौकटीत उभी होते, हेमावती माझ्या मागं. तू प्रार्थना केली नाहीस, त्याबद्दल तुला मी मार्क दिले. तू कॉटवर गुडघा टेकवून भिंतीजवळ गेलास आणि बघितलंस. किती वेळ बघत होतास. आईचा चेहरा बघावा तसा. मग खळग्यात अंगठा घातलास, सिमेंट भरून परत पडलेल्या त्या एवढ्याशा खळग्यात. बोट नाकाला लावलंस. माझ्याकडं आलास आणि लहानपणी माझ्या पाठुंगळीवर असताना करायचास तसं माझ्या केसांत नाक घातलंस. मी तुला ढकललं.

तू म्हणालास, “अक्का, हे आईचं नाही. हे ताजं आहे.”

मला राग आला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मी म्हटलं, तेल भिंतीतून परत वर येतं, लक्ष्मणनं सांगितलंय. तू म्हणालास, दगडापर्यंत काढलं होतं ना. मग तू विचारलंस, यार्डातून येऊन कुठं बसतेस? मी म्हटलं, बसत नाही, जरा टेकते. कुठं? मी बोटानं दाखवलं. बोट तिथंच गेलं. उशीच्या वर. आणि मागून हेमावती हळूच म्हणाली, “मग रोज संध्याकाळी आवाज तुम्हीच करता काय हो, अक्का?”

मी डोक्याला मागं हात लावला. तिथं टेंगूळ आहे. मला वाटायचं, उशी कडक आहे.

मोशेनं घरमालकाला स्वतः ठरवू का दिलं नाही ते त्या वेळी मला कळलं. मी रोज त्या भिंतीकडं बघत होते, जवळून, मला दिसलं नाही. दिसायला कुणीतरी बाहेरून चालत यावं लागतं. तेवढाच त्या नियमाचा अर्थ असेल, नसेल, तू शिकलेला आहेस, तुला आणखी दिसत असतील. मला हा पुरतो.

मग तू कॉटवर बसलास. हेमावती समजून घरी गेली. तू म्हणालास, शेवटच्या खेपेला आलो होतो तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस, मी आईचा हात धरून बसलो होतो आणि तिनं मलाच विचारलं, “डॉक्टर, माझा किरण कधी येणार?” तू तिला सांगितलंस, मीच आहे. ती हसली म्हणालास, आणि म्हणाली, तो तुमच्याएवढा म्हातारा नाही. त्यानंतर तुला यायचं झालं नाही. कबरीशी तू मला नव्हतंच सांगत म्हणालास, गप्प राहा म्हणून. स्वतःला सांगत होतास. आणि मंडळीच्या हॉलमध्ये जेवलास तो घास तू मागच्या नळापाशी जाऊन टाकून आलास. हे त्या दिवसापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. तूही नाही.

मग तू डोकं त्या खळग्याला लावलंस. आपटलं नाहीस. नुसतं लावलंस. रडलास ते मी जालन्यात कुणाला सांगणार नाही.

जाताना मी तुला पक्ष्यांचं विचारलं, रागानं नाही. तू म्हणालास, सुटलेला पक्षी कुठं जातो ते नियमात कुठंच लिहिलेलं नाही. मी म्हटलं, परत येत असेल का? तू पिशवीची चेन लावत बसलास. ती नीटच होती.

खोलीला कुलूप तू घातलंस, किल्ली घेऊन गेलास. नियमानं सात दिवसांत यायला हवं होतं. तू म्हणालास, सात दिवस म्हणजे माझी रजा मंजूर होईल तेव्हा. ठीक आहे. मोशेला रेल्वेची तिकिटं काढावी लागत नव्हती.

सामान परत आत घेतलं. उशी आत राहिली, कुलपात. डोक्याखाली लुगड्याची घडी घेते.

काल यार्डातून आले, हात धुतले, तेल लावलं आणि स्वयंपाकघरात बसले. डोकं आपोआप मागं गेलं. भिंतीला लागायच्या आत मी मध्ये हात घातला. तळवा डोक्याकडं, पाठ भिंतीकडं. आईला घालायचे तसा. बराच वेळ तशीच बसले. आपलं डोकं आपल्याच हाताला किती जड लागतं ते पहिल्यांदा कळलं.

एक तुला सांगायचं ठेवलं होतं. हेमावती परवा कपडे वाळत घालताना म्हणाली, अक्का, तुम्हीच आवाज करत होता हे खरं, पण कधी कधी तुम्ही यार्डातून यायच्या आधीपण यायचा. मी तिला विचारलं नाही काय, कधी, किती. बादली उचलून आत आले.

आता खोलीतून आवाज येत नाही. मला तरी येत नाही. रोज संध्याकाळी दाराबाहेर उभी राहून ऐकते. पण शुद्ध झालं का नाही ते मी म्हणायचं नाही, तसा नियम आहे. किल्ली तुझ्याकडं आहे. ये आणि बघ.

अक्का